कर्नलचा डबा

संजनाने स्कार्फ असा गुंडाळला होता की डोळ्यांशिवाय काही दिसू नये. डोळ्यांवर गॉगल. जेल रोडच्या चिकन सेंटरसमोर ती उभी राहिली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, आणि तिची छाती अशी धडधडत होती की जणू ती सोनाराचं दुकान फोडायला आली होती.

"अर्धा किलो माना," ती पुटपुटली. "आणि पाव किलो कलेजी-पेटा."

"मोठ्याने बोला ताई. रश्श्याला पाहिजे का सुक्याला? तसं कापून देतो."

"नाही... शिजवायचं नाहीये."

सुरी थांबली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"कच्चंच खायचंय," संजना म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळताच घाईघाईने म्हणाली, "मी नाही! दुसऱ्याला!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"मॅडम," तो मागचा आवाज म्हणाला, "तोंड छान झाकलंय. पण मग कर्नललाही एक स्कार्फ बांधायचा होता."

संजनाने खांबाकडे पाहिलं. खांबाला बांधलेला तिचा लॅब्राडोर, वजन बेचाळीस किलो, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शेपटी हलवून ओळख देत होता. अख्ख्या कॉलनीत असा कुत्रा एकच. देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी साहेबांच्या मुलीला ती मराठी शिकवायची. साहेबांची बदली झाली आणि कर्नल तिच्याकडे आला. म्हणजे कर्नल दिसला की बाजूला गांगुर्डे मॅडम असणारच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिने गॉगल काढला. मागे उभा होता धम्मपाल पगारे. मूळचा सिन्नरचा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर, सहा महिन्यांपूर्वी कॉलनीत राहायला आलेला. विहारातला माइक खरखरायला लागला की ज्याला हाक मारतात तो. उंच, सावळा, आणि हसताना एकच गाल हलणारा. हे गालाचं संजनाने आधी कधी पाहिलं नव्हतं, आज पाहिलं.

"प्लीज... कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

"सांगणार कुणाला? मीच इथे उभा आहे. घरमालकीण अक्काबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पंज्यांचं सूप लागतं. पण तुम्ही एवढं लपून का?"

लपायला कारण होतं. वर्षावास सुरू झाला होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. आणि वाचायला बसायचे संजनाचे वडील, सहादू गांगुर्डे, सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले, खणखणीत आवाजाचे. त्यांचा स्वतःचा नेम असा की या तीन महिन्यांत घरात मांस-मच्छी येणार नाही. पातेल्यातही नाही, फ्रीजमध्येही नाही. आणि नेमकं याच वेळी कर्नलने खाजवून खाजवून पाठीवरचे केस घालवले होते. गोळ्या झाल्या, शाम्पू झाले. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, चपाती-दूध आणि कॉलनीभरची बिस्किटं बंद करून याला कच्च्या मांसावर आणून बघू. सगळ्याच कुत्र्यांना मानवत नाही, याला मानवेल का ते बघायचं. पण एकदम नाही. जुनं खाणं रोज थोडं कमी, नवं थोडं जास्त. हाड कच्चं चालेल, शिजवलेलं कधीच नाही. मांस आधी फ्रीजरमध्ये, आणि नंतर हात साबणाने.

"पप्पा म्हणाले, कर्नलने काय खायचं ते कर्नलने ठरवावं, पण माझ्या फ्रीजला नेम आहे," संजनाने सांगितलं. "आता फ्रीज कुठून आणू मी?"

धम्मपालने क्षणभर विचार केला. म्हणजे केल्यासारखं दाखवलं.

"माझ्या फ्रीजमध्ये सध्या एक पाण्याची बाटली आहे आणि एक लिंबू. लिंबूही दोन महिन्यांपूर्वीचं. त्यांना सोबत होईल."

अशी सुरुवात झाली.

आता खरं तर ती घरी जाऊन सरळ सांगू शकली असती, की पगारेंच्या फ्रीजमध्ये डबा ठेवला आहे. पण पप्पांनी विचारलं, "कुणाकडे सोय झाली?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सृष्टीकडे." सृष्टी तिची मैत्रीण, पलीकडच्या गल्लीतली. पप्पा म्हणाले, "गुणी पोरगी आहे." विषय संपला. संजनाला वाटलं, एवढंसं खोटं, काय होतंय!

रोज सकाळी साडेसहाला ती कर्नलला घेऊन अक्काबाईंच्या अंगणात जायची. मागच्या बाजूला धम्मपालची खोली. खोलीत फ्रीज, आणि फ्रीजच्या दारावर त्याने चिकटवलेला एक तक्ता. पौर्णिमेपर्यंतच्या तारखा, रकाने पट्टीने आखलेले: वेळ, नवं खाणं किती ग्रॅम, जुनं किती ग्रॅम, शेरा, इन्चार्जची सही.

"हे काय?"

"लॉगशीट. प्लांटमध्ये तासातासाला भरतो आम्ही. न लिहिता काही चालवायची सवयच नाही मला."

"आणि इन्चार्ज कोण?"

"ते अजून ठरायचंय," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी कर्नलने ताटलीतली चिमूटभर कलेजी हुंगली, संजनाकडे पाहिलं, धम्मपालकडे पाहिलं, आणि हे तळून कोण देणार अशा चेहऱ्याने खाली बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी संजनाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"खाणारच नाही हा. माझंच चुकलं."

"मॅडम, थंड बॉयलर एकदम पेटवला तर नळ्या फुटतात," धम्मपाल पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसला. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. "हळूहळू तापवायचा. लोड थोडा थोडा वाढवायचा. घाई केली की ट्रिप होणार, अख्खं युनिट बंद."

"तुम्हाला घाई नसतेच का कधी?"

"असते ना," तो कर्नलकडे बघत म्हणाला. "पण दाखवायची नाही."

संजना उगाचच कर्नलचा पट्टा नीट करायला लागली. पट्टा नीटच होता.

पाचव्या दिवशी कर्नलने ताटलीतली मान उचलली... आणि कडकड आवाज करत खाऊन टाकली! संजना उडी मारून उठली, तिने टाळ्या वाजवल्या आणि त्यातली शेवटची टाळी धम्मपालच्या हातावर पडली. दोघेही थांबले. मग अक्काबाई ओट्यावरून म्हणाल्या, "कुत्रं जेवलं तर एवढा आनंद! लगीन लागलं जसं." आणि संजना कानापर्यंत लाल झाली.

मध्येच एकदा कर्नलचं पोट बिघडलं. तक्त्यावर शेरा आला, 'युनिट ट्रिप. कारण: अक्काबाईंची खारी बिस्किटं.' अक्काबाई म्हणाल्या, "मी नाय दिली, त्यानं मागितली." दोन दिवस मागे जाऊन पुन्हा वर चढावं लागलं. पण ऑगस्ट संपता संपता कर्नल पूर्ण नव्या खाण्यावर आला. पाठीवर बारीक बारीक केस दिसायला लागले. खाजवणं थांबलं. चार किलो वजन उतरलं आणि तो अंगणात पिल्लासारखा गोल गोल पळायला लागला.

आणि संजना? तिची शाळा दुपारची. तरी ती पाचला उठायला लागली. धम्मपालची फर्स्ट शिफ्ट असली की तो पहाटेच निघून जायचा, किल्ली अक्काबाईंकडे. अशा दिवशी ती खोलीत शिरल्या शिरल्या आधी शेरा वाचायची, मग फ्रीज उघडायची. 'लोड नॉर्मल. आज भेट नाही, त्यामुळे ऑपरेटर नॉर्मल नाही.' ती खाली पेन्सिलीने लिहायची, 'ऑपरेटरने लिंबूपाणी घ्यावं. लिंबू शिल्लक आहे.' आणि दिवसभर, फळ्यावर विभक्ती प्रत्यय लिहितानासुद्धा, तिला हसू फुटायचं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी तिने फ्रीजमधला निळा डबा उघडला आणि आत दोडक्याची भाजी होती. वर दोन चपात्या.

तिने फोन लावला. "कर्नलचं जेवण कुठंय?"

"फ्रीजमध्ये. निळा डबा."

"निळ्या डब्यात दोडका आहे."

पलीकडे बॅगेची चेन उघडल्याचा आवाज. मग अगदी बारीक आवाजात, "मॅडम... माना माझ्याकडे आहेत." कॅम्पच्या बाजारातून त्याने दोन डबे घेतले होते, दोन्ही निळे, स्वस्तात मिळाले म्हणून. "मी बाराला साहेबांसमोर काय उघडू आता?"

"कच्चं खायचं. हळूहळू सवय होते."

"संजना!"

पहिल्यांदा त्याने नाव घेतलं. दोघांनाही ते कळलं, आणि दोघांनीही न कळल्यासारखं केलं.

"येते मी," ती म्हणाली. "गेटवर थांबा."

चिकनचं दुकान दोन मिनिटांवर होतं. हे तिला आठवलंच नाही, असं आपण धरून चालू. तिने कर्नलला अॅक्टिव्हाच्या पुढच्या फळीवर बसवलं, पिवळ्या ओढणीची गाठ मारली आणि एकलहऱ्याच्या रस्त्याला गाडी लावली. वीज केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसायला लागल्या. कर्नलचे कान वाऱ्यावर फडफडत होते आणि संजना चक्क गुणगुणत होती.

गेटवरच्या लखन नावाच्या गार्डने डबा उघडायला लावला. "दोडका? जाऊ द्या." तेवढ्यात धम्मपाल हेल्मेट सांभाळत पळत आला. लखनने त्याचाही डबा उघडला, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पगारे, तुम्ही कोंबडी आणून बॉयलरवर भाजता का काय?"

"कुत्र्याची आहे."

"कुत्र्याची कोंबडी?"

संजना हसत सुटली. इतकी की तिला गाडीला धरून उभं राहावं लागलं. धम्मपाल डबा घ्यायला पुढे आला, आणि डबा तिच्या हातात, त्याची बोटं डब्यावर... दोघांनीही तो लगेच सोडला नाही.

"तुमच्या गालावर..." तो म्हणाला.

"काय?"

"राख. आमच्याकडची." त्याने हात वर केला, स्वतःची काळी बोटं बघितली आणि रुमाल पुढे केला. रुमाल तिने परत केला नाही. त्यानेही मागितला नाही.

हे सगळं असं मजेत चाललं होतं, पण रोज संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना संजना एका ठिकाणी आवाज बारीक करायची. चौथं शील, खोटं न बोलण्याचं. पप्पा समोर, आवाज खणखणीत. आणि त्यांची मुलगी म्हणून तिची सगळ्यांत पुढे बसायची जागा. एवढंसं खोटं आता तीन महिन्यांचं झालं होतं.

शिवाय तक्त्यावरच्या ओळी संपत आल्या होत्या.

"पौर्णिमा झाली की नेम सुटला," पप्पा एकदा जेवताना म्हणाले. "कर्नलचा डबा आपल्या फ्रीजला आण. त्या सृष्टीला किती दिवस त्रास द्यायचा?"

ज्या पौर्णिमेची सगळी कॉलनी वाट बघत होती, ती येऊच नये असं तिला वाटत होतं. डबा घरी आला की साडेसहाला अक्काबाईंच्या अंगणात जायचं कारण काय? कर्नलची खाज गेली, फ्रीज मोकळा झाला... आणि धम्मपाल तर अजूनही घाई दाखवत नव्हता. शेरे लिहीत होता, हसत होता, पण सरळ काही बोलत नव्हता. न बोलताच संपलं तर?

आश्विन पौर्णिमेला विहार माणसांनी भरलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मोठ्या पातेल्यात खीर. धम्मपाल कोपऱ्यात माइकची वायर धरून बसला होता. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला संजना गप्प बसली. शेजारच्या बायकांच्या आवाजात ते कुणाला कळलं नसतं, पण कोपऱ्यातून एका माणसाने मान वर केली.

बाहेर चपला शोधताना तो जवळ आला. "चौथं का गाळलं?"

"उद्या सांगते," ती म्हणाली. "पप्पांनाही. आणि... तुम्हालाही एक सांगायचंय. उद्या साडेसहाला."

"मलाही," तो म्हणाला. आणि त्याचा आवाज, विहारातल्या माइकसारखा, जरा खरखरला.

त्या रात्री तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. पहाटे कुठे डोळा लागला. जाग आली तेव्हा पावणेसात झाले होते! कर्नल जागेवर नव्हता. पट्टाही नव्हता.

"आई, कर्नल?"

"पप्पा घेऊन गेले," आई चहा गाळत म्हणाली. "सृष्टीला खीर द्यायची, आणि डबा आणायचा म्हणाले."

"सृष्टीकडे?"

"ते निघाले सृष्टीकडेच. कुत्रं कुठे नेईल ते कुत्र्याला माहीत." आईने कप पुढे ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "मला तर ऑगस्टमध्येच कळलं होतं. कुत्र्याला खाऊ घालायला पावडर लावून कोण जातं गं?"

संजना धावत सुटली. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळ्या चपला. सृष्टीची गल्ली आली, गल्लीत कुणी नाही. कर्नल तिथे वळलाच नसणार. तीन महिने रोज साडेसहाला ज्या दिशेला जायचं, त्याच दिशेला अडतीस किलोंनी ओढलं की रिटायर माणूस काय करणार?

अक्काबाई अंगणाच्या दारातच उभ्या होत्या. "ये गं बाई, लय वेळची सगळी तुझी वाट बघून राह्यली."

खोलीत कर्नल फ्रीजसमोर बसून शेपटीने फरशी झाडत होता. धम्मपाल भिंतीला टेकून उभा, अर्ध्या गालाला साबण, अर्धी दाढी झालेली. आणि पप्पा चष्मा लावून तक्ता वाचत होते. प्रेसमध्ये तीस वर्षं छापलेले कागद तपासलेला माणूस. एकही ओळ सोडणारा नव्हे. वाचत होते तेही विहारातल्या आवाजात, शब्दन् शब्द सुटा करून.

"'युनिटने पहिली मान खाल्ली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. एक टाळी ऑपरेटरच्या हातावर.' हं." बोट खाली सरकलं. "'मॅडम आज पिवळ्या ओढणीत गेटवर आल्या. युनिटवर परिणाम नाही. ऑपरेटरवर...' पुढे खोडलंय. काय होतं, पगारे?"

"आहे... काका."

"काय आहे?"

"परिणाम."

संजना दारातच खिळली. रात्रभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

"पप्पा, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "सृष्टीच्या फ्रीजमध्ये कधीच काही नव्हतं. पहिल्या दिवशी घाबरून बोलले. नंतर भीती गेली, तरी बोलत राहिले. खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा फ्रीज शोधला असता... आणि मला दुसरा नको होता." तिने श्वास घेतला, धम्मपालकडे वळली. "तुला तर घाईच नसते. म्हणून मीच सांगते. मला फ्रीज नकोय, मला तू हवा आहेस."

तू. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

धम्मपालच्या गालावरचा साबण ओघळून शर्टावर आला, तरी त्याचा हात पुसायला उठला नाही.

"मी काल रात्री सिन्नरला आईला फोन केला होता," तो म्हणाला. "म्हटलं, रविवारी ये, एका घरी जायचंय. काका, तुमच्याच घरी. नेम सुटेपर्यंत थांबलो होतो. तुमच्या वाचनाच्या दिवसांत मध्येच हे नको, म्हणून. संजना... घाई खूप होती गं. पहिल्या माना घेतल्यास ना, तेव्हापासून."

संजनाला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं. पप्पा मात्र तक्त्याकडेच बघत होते.

"खोटं बोललीस, हे वाईट केलंस," ते म्हणाले. "आज संध्याकाळी विहारात ये. चौथं शील एकटीने म्हण, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने."

"हो, पप्पा."

"आणि पगारे, हा शेवटचा रकाना. इन्चार्ज सही. वरपासून खालपर्यंत कोरा का?"

"इन्चार्ज कुणी नव्हताच, काका."

"तीन महिने इन्चार्जशिवाय युनिट चालवलं? चालतं का तुमच्या प्लांटमध्ये असं?"

"नाही चालत."

"मग पेन आण."

धम्मपालने पेन दिलं. पप्पांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि एकेक करत, तारीख बघत, प्रत्येक ओळीपुढे सही केली. पंच्याऐंशीच्या वर सह्या. कर्नल मध्ये दोनदा भुंकला, तरी ते थांबले नाहीत. शेवटची ओळ आली. पौर्णिमेची. तिचा शेरा रिकामा होता.

"हे मी लिहायचं नाही," त्यांनी पेन संजनाच्या हातात दिलं.

तिने लिहिलं, 'डबा इथेच राहील.'

पप्पांनी ते वाचलं, चष्मा सारखा केला आणि पुढे सही ठोकली. मग खिरीचा डबा उचलून धम्मपालच्या हातात ठेवला.

"ही फ्रीजवाल्यासाठी होती. दाढी पूर्ण कर आणि खा. आणि रविवारी आई येणार म्हणालास ना? त्यांना विचार, चिकन चालतं का. आता आमचा नेम सुटलाय."

एवढं बोलून ते ओट्यावर अक्काबाईंशी गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलायला जाऊन बसले. आत संजनाने फ्रीज उघडला. निळे डबे दोन होते. तिने आधी झाकण उघडून बघितलं, मग कर्नलला जेवायला दिलं.